खिडकीतला पेजर

नौपाडा, ठाणे
एप्रिल १९९७

प्रिय सेसिलिया,

प्रभूच्या दयेने मी बरा आहे, वेळेवर जेवतोय. उत्तनला उकाडा फार आहे का? तू आणि पोटातलं बाळ ठीक आहात ना?

सोमवारी तुला कळा आल्या, तू निरोप पाठवलास आणि मी आलो नाही, हे तुझ्या आईच्या पत्रातून कळलं. कळा खोट्या निघाल्या म्हणून बरं. पण निरोप माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता गं. शेठने दिलेला नवा पेजर गप्पच होता.

सेल बदलून पाहिला, तरी तेच. मग पेजरवाल्यांना फोन केला. तिथली बाई म्हणाली, "पत्र्याच्या शेडमध्ये रेंज येत नाही. खिडकीत ठेवून बघा." शेठला विचारून मी आता खिडकीजवळच्या मशीनवर काम करतो.

खोलीतही आज पेजर खिडकीत ठेवला, खालच्या बूथवरून स्वतःलाच निरोप पाठवला आणि वर येऊन बसलो. तो वाजला तसा मी चपला न घालताच अर्धा जिना उतरलेलो. मग आठवलं, निरोप माझाच आहे.

तेव्हा आता जरा दुखलं तरी बोलाव. खोट्या कळांनाही येईन.

तुझाच,
मॉरिस