पाठराखीण नसलेली नवरी

लातूर, ११ एप्रिल १९८३

ति. दाजींना शरणार्थ. वि. वि.

मी विभक्ती चालवतो, तुम्ही टॅक्सी. नीट चालत दोन्ही नाहीत, हा विनोद आज बाजूला ठेवतो. संताप आलाय, आणि तो तुमच्यावरही आहे. परवा नांदेडहून ती हळदीची पोर आणि तिची ‘आत्या’ घेऊन आमच्याकडे चहाला थांबलात. पोर चौदाचीही नसेल. माहेरची पाठराखीण कुठाय, असं हिने विचारलं, तर पोर आत्याकडे बघू लागली. आत्याचं नावही तिला सांगता येईना. ही ओटीचा नारळ आणायला आत गेली, तेवढ्यात आत्याने घाई केली आणि नवरीची गाडी खोळंबू नये म्हणून तुम्ही निघालात. एकटी नवरी कधी सासरी जाते का, दाजी? तिला कुठं उतरवलंत, कळवा. रागातही लोभ आहेच.

आपला विरूपाक्ष

नांदेड, १५ एप्रिल

चि. विरूपाक्ष मास्तरांस आशीर्वाद.

तुझ्या अक्कानं पत्र मोठ्यानं वाचलं. म्या ताट सारून उठलो. त्या बाईनं तुमच्याच लातूरच्या स्टँडवर पोरीला सोलापूरच्या जीपमधी बसवलं, आन् म्या वर सुखी राहा म्हणालो! इथं स्टँडवर खाजा टॅक्सीवाला म्हणतो, हीच आत्या मागं दुसरी नवरी घेऊन त्याच्या गाडीत होती. दुष्काळात मायबाप खडी फोडून राहिले, ही पोरी विकून राहिली, आन् आम्ही तिचे सारथी! ठाण्यात गेलो तं साहेब म्हणाला, पोरगी लातुरात गेली, तो नवा जिल्हा हाय, तिकडं जा. तिकडचा साहेब फोनवर म्हणाला, बसली नांदेडात, तिकडं जा. जिल्हे दोन, पोरगी एकाचीबी न्हाई. आता आम्हा टॅक्सीवाल्यांचं ठरलं: पाठराखीण नसंल तं गाडी तुझ्या दारात थांबणार. वहिनीला सांग.

तुझा शिवमूर्ती

लातूर, २ मे

ति. दाजींना शरणार्थ. वि. वि.

काल खाजाभाई, इंजिन तापलं म्हणत, त्याच आत्याला नव्या नवरीसकट आमच्या दारात घेऊन आले. ओटी भरते म्हणून हिने पोरीला देवघरात नेलं आणि आतून कडी लावली. पोर उमरीची. लग्न झालेलंच नाही. गिरणीत काम देते म्हणून आणलेली, हळद वाटेत फासलेली. आत्या निसटू लागली, तर गल्लीतल्या बायकांनी दार अडवलं. ठाण्यातले साहेब आले, आत्याला ताब्यात घेतलं, आमची पाठ थोपटली. पहिल्या पोरीचं विचारलं, तर ते म्हणे त्यांच्या हद्दीत नाही. हद्द आखणाऱ्याला पोरी दिसल्या नसाव्यात!

आज बाप येऊन लेकीला घेऊन गेला. त्याआधी हिने टँकरच्या पाण्यातली घागरभर खर्चून तिची हळद धुतली.

पहिल्या पोरीच्या ओटीचा तो नारळ अजून देव्हाऱ्यात आहे. चटणीला मागितला, तर ही कडाडली. ती पोर सापडली की तिच्यावरून उतरवायचा आहे म्हणते. पत्र पोचताच गाडी घेऊन या. सोलापूरच्या स्टँडवरही टॅक्सीवाले असतीलच. नारळ सोबत घेतो.

हद्द कुणाचीही असो, लोभ आपला.

विरूपाक्ष