पातेल्यातलं स्तोत्र

रविवार, २ नोव्हेंबर. दुपार.

रोशनी, आधी तारीख घाल. घातलीस? नाही घातलीस, मला माहितीये. तिकडे मनमाडला खिडकीत बसून अख्ख्या जगाला तिकिटं देतेस आणि आजीच्या गुडघ्याचा पट्टा आणायचा दर खेपेला विसरतेस. तरी गाड्या सुटतात, प्रभूची कृपा.

तर आजपासून मी फोनमध्ये बोलणार आणि तू उतरवून ठेवायचं. कुणाला दाखवायचं नाही. मी वाचणार नाहीच. अक्षराची आणि माझी ओळख नाही, आता या वयात कशाला करून घेऊ? पण लिहून ठेवलं की माणूस सरळ वागतो, असं पाळकीणबाई म्हणाल्या.

आज चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, दिवसाची सुरुवात प्रार्थनेने आणि पवित्र शास्त्राने करणारी घरं किती? सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मग त्यांनी तुझ्या आजोबांचं, सोमाजींचं, नाव घेतलं. म्हणाले, हंगामाच्या सणाला दरवर्षी वचन तेच वाचतात, यंदा त्यांच्या डोळ्याचं असं झालंय, तर कोण वाचेल? कोणी हलेना. मी उभी राहिले. म्हटलं, मी एक स्तोत्र म्हणेन. वाचून नाही. तोंडपाठ.

मागच्या बाकावर आपल्या शेजारची नवसाबाई खोकली. तो खोकला खरा नव्हता.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा डोळा नीट होत नाही, डॉक्टरने वाचायला बंदी घातली आहे. तेव्हापासून चर्च बंद. काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून बसतात. शास्त्र मांडीवर, तेही मिटलेलं. वाचता येत नाही तर तिथे येऊन काय करू, म्हणतात. मी म्हटलं, सणाला मी तुमच्या जागी उभी राहणार आहे, तुम्हाला यावं लागेल. मग म्हणाले, अख्खं म्हणणार असशील तर येतो.

म्हणजे ह्यांना घराबाहेर काढायचं ते आता माझ्या तोंडावर आहे. आणि तोंड तर माझं चालतंच.

ठराव: पहाटे पाचला उठणे. प्रार्थना. मग स्तोत्र. मग चहा. त्याआधी चहा नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर.

पाचला उठले. म्हणजे जागी झाले. प्रार्थना पडूनही चालते, माझे गुडघे देवाला माहीत आहेत. हे प्रभू, म्हटलं आणि डोळे मिटले. प्रार्थनेत डोळे मिटायचेच असतात. उघडले तेव्हा दूधवाला बेल वाजवत होता.

प्रार्थना लांबली, असंच म्हणायचं.

चहा आधी घेतला. डोकं रिकामं असताना त्यात स्तोत्र बसेल कसं?

मंगळवार, ४ नोव्हेंबर.

स्तोत्र निवडलं, 'डोंगरांकडे डोळे वर करतो' ते. डोंगरांचं. लहान आहे, आणि मी पेठकडची, डोंगरात वाढलेली. निम्मं तर पाठच असल्यासारखं आहे.

हे म्हणाले, ज्याचे डोळे कामातून गेले त्याच्यासमोर डोळे वर करायचं स्तोत्र कशाला? मी म्हटलं, मान वर करा, डोळे आपोआप जातील. हसले नाहीत.

आता ऐकायचं कसं? तुझ्या बापाने, मनोजने, फोनमध्ये अख्खं शास्त्र घालून दिलं. त्यातला माणूस तुझ्या स्टेशनवर गाडी लेट असल्याचं सांगतात त्या आवाजात वाचतो. माझं बोट कुठे लागलं कोण जाणे, अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, असं सुरू झालं. बराच वेळ ऐकलं. फार मोठं खटलं. डोंगर काही आला नाही.

शेवटी तुझ्या आईला म्हटलं, सरिता, तूच वाच आणि फोनमध्ये भरून दे. तिने स्वयंपाक करता करता भरून दिलं. मध्येच कुकरची शिट्टी होते, तेवढी ती थांबते आणि पुढे वाचते. आवाज गोड आहे तिचा. तिला सांगू नकोस.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. सकाळ.

फोनचा आवाज बारीक वाटत होता. युक्ती केली. फोन स्टीलच्या मोठ्या पातेल्यात उभा ठेवला. काय घुमतो! पातेलं नवसाबाईच्या आणि आपल्या मधल्या भिंतीच्या फळीवर ठेवलं. फळी तिथेच आहे, त्याला मी काय करू? भिंतीपलीकडे प्रार्थनामय जीवन म्हणजे काय ते ऐकू गेलं, तर बिघडलं कुठे?

तुला नवसाबाईचं प्रकरण आठवत नसेलच. मागच्या हंगामाच्या सणाला मी माझ्या वेलाचा दुधी अर्पण केला. उपासना झाल्यावर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव झाला, त्यात तो नवसाबाईने घेतला. आणि पुढच्या भगिनी मंडळात सगळ्यांसमोर सांगितलं की कडू निघाला. माझा दुधी! तेव्हापासून मी बोलत नाही. मनात काही ठेवलेलं नाही. फक्त बोलत नाही.

आज स्तोत्र लावलं, पहिली ओळ मन लावून ऐकली, तेवढ्यात चहा उतू जायला आला म्हणून आत गेले. पण फोन पूर्ण वाजला. घरात वचन झालं.

रविवार, ९ नोव्हेंबर.

आठवडा छान गेला. रोज वचन झालं. मी पहिल्या ओळीला हजर असतेच. पुढचं चहा करताना, वेलाला पाणी घालताना कानावर पडतं. वेल मागच्या अंगणात आहे, तिथे ऐकू येत नाही, पण आशीर्वाद पोचतो.

मनोजने जेवताना म्हणून दाखव म्हटलं. पहिली ओळ खणखणीत म्हटली. मग पुढे? म्हणाला. मी म्हटलं, ताटावर बसून कोणी शास्त्र म्हणतं का, जेव.

हे भाकरी चाचपत होते. मी तुकडे करून दिले, तर ताट सरकवलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

सकाळची वेळ आपल्याला लाभत नाही, हे लक्षात आलं. सकाळी दूध, पाणी, वेल. देवसुद्धा सकाळी कामातच असेल. आता संध्याकाळी करायचं.

संध्याकाळी सात वाजता बसले. हात जोडले. त्याच वेळी टीव्हीवर त्या मालिकेतल्या सासूने सुनेच्या दुधात काहीतरी घातलं. त्या सुनेसाठी मनापासून प्रार्थना केली. ती मोजायची.

ठराव: उद्यापासून पुन्हा सकाळी.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

ह्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाला, डोळा सुधारतोय पण सावकाश, वाचायचं एवढ्यात नाव काढू नका. रिक्षात मी म्हटलं, मी आहे ना, रोज वचन चालू आहे आपल्या घरात. तर हे म्हणाले, वचन पातेल्यात चालू आहे.

फार लागलं. एवढी धडपड कुणासाठी चाललीय माझी? अलार्म मी लावते, फळीवर वचन मी लावते, आणि हा माणूस बंद कर ते म्हणतो. काल पहाटे उठून बघते तर हे काळोखात बसलेले, शास्त्र उघडून पानांवरून नुसता हात फिरवत होते. मी बघितलं हे न कळता परत पडले. हे लिहू नकोस.

प्रार्थना करायला बसले. हे प्रभू, म्हटलं. पुढे काय म्हणायचं सुचेना. एवढी वर्षं पुढचं हेच म्हणायचे, मी आमेन म्हणायची.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.

काल लाइट गेले, फोनला चार्जिंग नव्हतं, म्हणून स्तोत्र लागलं नाही. आज नळावर नवसाबाईने तुझ्या आईला गाठून विचारलं, काल चिमणाबाईंचा फोन का वाजला नाही, बरं आहे ना? बघितलंस? पाळत ठेवून आहे. एक दिवस चुकला तर भगिनी मंडळात सांगायला तयार.

आज आवाज अजून मोठा केला. तिने खिडकी उघडली. जळतेय.

शनिवार, २२ नोव्हेंबर. संध्याकाळ.

उद्या सण. तयारी झाली. इस्त्रीची साडी काढली. वेलावरचा सगळ्यात देखणा दुधी धुऊन पुसून ठेवला. स्तोत्राचं म्हणशील तर पहिली ओळ इतकी पक्की आहे की झोपेतही म्हणेन. उरलेलं आत कुठेतरी आहे. इतके दिवस घरात वाजलं ते जाईल कुठे? उभी राहिले की येईल.

ह्यांनी स्वतःहून पांढरा शर्ट मागितला. मी शर्ट दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन पटकन फोन लावला. दुसऱ्या ओळीपर्यंत ऐकलं. तेवढ्यात तुझ्या आईने हाक मारली, अहो आई, दुधी कुठल्या पिशवीत भरू? संपलं.

रात्रभर ऐकेन. ठराव.

रविवार, २३ नोव्हेंबर.

झोप लागली.

चर्च भरलेलं. पुढे भाताच्या लोंब्या, नागली, भोपळे, अंडी, कुणाची तरी बांधलेली कोंबडी. हे पहिल्या बाकावर, मनोजचा हात धरून आले. सगळे वळून वळून बघत होते. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं.

पहिली ओळ म्हटली. अशी म्हटली की कोंबडीसुद्धा गप्प झाली.

दुसरी ओळ आठवायला गेले. रोशनी, खोटं नाही सांगत, मला फक्त चहाची उकळी ऐकू आली. नुसता बुडबुड आवाज. पहिली ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा उकळी. ह्यांचा चेहरा हळूहळू खाली गेला. मांडीवरचे हात बाकाची कड शोधायला लागले. उठून जायच्या बेतात होते.

तेवढ्यात मागून दुसरी ओळ आली. नवसाबाई! पिशवी पोटाशी धरून उभी. तिसरी म्हणाली, चौथी म्हणाली, हुबेहूब सरिताच्या चालीवर. आणि कुकरच्या शिट्टीपाशी, जिथे सरिता थांबते, तिथे तीही थांबली. सगळे वाट बघत राहिले. ती मान हलवायला लागली. नंतर कळलं, तिच्या नळाला त्याच सुमारास पाणी येतं, ती हंडे लावायला जाते. शिट्टीच्या पुढचं तिने कधी ऐकलंच नव्हतं.

मी तिच्याकडे बघतेय, ती माझ्याकडे. वर्षभराने बघितलं एकमेकींकडे, तेही असं.

आणि पुढची ओळ पहिल्या बाकावरून आली. बसल्या बसल्या. मग हे उभे राहिले. काळा चष्मा, मान वर, हात मोकळे. शेवटपर्यंत म्हणाले. एक शब्द चुकला नाही. आमेन सगळ्यांच्या आधी मी म्हटलं, तेवढं मला येतं.

घरी आल्यावर विचारलं, तुम्हाला पाठ होतं? लहानपणी बोर्डिंगमध्ये पाठ केलं होतं, म्हणाले, पण पुस्तकाशिवाय येईल असं वाटलं नव्हतं. मग मला निदान शिकवायचं तरी! तर म्हणाले, तू फोनला विचारलंस, मनोजला विचारलंस, सुनेला विचारलंस. मला कुठे विचारलंस?

यावर मी काही बोलले नाही. तारीख नीट घाल, असं फार होत नाही.

पण सुरुवात कुणी केली? मी. नवसाबाईला वचन कुणी शिकवलं? माझ्या पातेल्याने. भगिनी मंडळात हे सांगायला हवं.

लिलावात माझा दुधी पुन्हा तिनेच घेतला. माझ्याकडे न बघता.

सोमवार, २४ नोव्हेंबर. सकाळ.

आज अलार्मच्या आधी ह्यांनीच उठवलं. अगं, ऊठ, बस इथे. बसले. चहा नाही. ह्यांनी प्रार्थना केली, मग एक ओळ म्हटली, म्हणाले, ती मागून म्हण. तेवढ्यात भिंतीवर टकटक. नवसाबाई ओरडून विचारते, आज पातेलं नाही का लावलं? हे ओरडले, बाई, पातेलं बंद पडलं, इकडेच या. आली. हातात दुधी. हंडे तिच्या सुनेवर सोपवून आलेली. ती शिट्टीच्या पुढे गेली. मी दुसऱ्या ओळीला पोचले. घाई कसली आहे?

मग चहा झाला. नवसाबाई म्हणाली, भाजी इथेच करू, सोमाजींना आवडते. तिने दुधी कापला, एक चकती माझ्या तोंडात घातली, एक स्वतःच्या. आम्ही दोघींनी चावली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते प्रार्थनेचं नव्हतं.

मागच्या वर्षीपेक्षा कमी कडू आहे, असं म्हणाली बिचारी.

वेल चांगला आहे, हवेचा दोष आहे. दुधी टाकून दिला. ह्यांना अजून भाजीची आशा आहे.

तेव्हा रोशनी, विसरू नकोस, पट्ट्यासारखं करू नकोस. तुझ्या ऑफिसातलं कोणी नाशिकला येत असेल त्याच्याबरोबर मनमाडच्या बाजारातला एक दुधी पाठव. कोवळा. देठाकडची चकती काढून, चाखून मगच पाठव. लांबलचक बघून घे, सकाळी आता आम्ही तिघं असतो. आणि कुणी विचारलं तर माझ्याच वेलाचा आहे म्हणून सांग.