जित्या नवाबची सोय

मी, महानंदा भ्र. पंचाक्षरी बिरादार, वय बासष्ट, धंदा लोकरीची जनावरं करणे, राहणार हुलसूर, जिल्हा बिदर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही असं डॉक्टर म्हणाले, म्हणून आत्ताच लिहिते. कुणी धाक दाखवला नाही, कुणी गोड बोलून लिहून घेतलं नाही. याआधी असा कागद केलेला नाही, पुढे करायची ताकदही नाही. कचेरीत कन्नड लागतं, ते गुरुपादय्या मास्तर करून देणार आहेत. मला लिहायला मराठीच येतं.

धंद्याचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी स्वेटर विणणारी बाई. शेजारच्या शोभाबाईंच्या मैत्रेयीचं मांजर गाडीखाली गेलं आणि पोरगी जेवेना. तिनंच फोनवर बघून खाचांच्या सुया मागवल्या. त्या लोकरीत टोचत राहिलं की लोकर घट्ट बसते आणि पाहिजे तो आकार येतो. मी तिला तिचं मांजर करून दिलं. तिनं त्याचा फोटो फोनवर टाकला, आणि तेव्हा मागं लागलेलं लचांड आजतागायत सुटलं नाही. पुणं, हैदराबाद, सोलापूर, कुठून कुठून लोक मेलेल्या कुत्र्यामांजरांचे फोटो पाठवतात, पुडीत केस बांधून पाठवतात आणि तसंच करून मागतात. केलं की फोन येतो, "काकू, सगळं बरोबर आहे, पण तो वाटत नाही हो." कसा वाटेल बाई, तो गेलाय. लोकांचं रडं ऐकून कान किटले माझे, आणि टोचून घेऊन बोटं बधिर झाली.

कलम पहिले. जी कामं माझ्या हातून अपुरी राहतील त्यांचा विसार ज्याचा त्याला परत करावा. केसांच्या पुड्याही परत पाठवाव्यात, उकिरड्यावर टाकू नयेत. सुया, स्पंज, पिंजणी आणि चिंताकीच्या सिद्धरामनं आणून दिलेली सगळी लोकर मैत्रेयीला. तिनं हा धंदा करावाच असं माझं म्हणणं नाही. शिकलेली पोर आहे, दुसरं काही मिळालं तर खुशाल करावं.

कलम दुसरे. माझी जाऊ गंगव्वा हिला माझ्या दोन इरकली साड्या. या बाईनं चारचौघांत मला म्हटलं होतं, "मेलेल्या कुत्र्यांची केसं घरात, आन् त्याच घरात लिंगपूजा करायलीस व्हय?" बसवण्णांनी आपल्या लिंगायतांतलं सूतक काढून टाकलं, ते हिनं वेशीतनं परत आणलं. त्यानंतर तिनं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. साड्या चांगल्या आहेत. एखादा केस निघालाच तर झटकून नेसाव्यात.

कलम तिसरे. मला आपल्या रीतीप्रमाणे बसवूनच पुरावं, पण माझी कंबर धरलेली आहे, फार ओढाताण करू नये. माझा लोकरीचा पुतळा कुणी करू नये. फोटो आहे, तेवढा पुष्कळ झाला.

कलम चौथे, घर. हे घर आमच्या मालकांनी माझ्या नावावर बांधलं, म्हणून ते द्यायचा हक्क माझा. घर माझा एकुलता एक मुलगा बसवप्रभु याला दिलं आहे. पण एक अट आहे आणि ती का घातली तेही लिहिते.

बसवजयंतीला तो पुण्याहून आला होता. कट्ट्यावर चहा घेताना म्हणाला, "आई, आता तू तिकडंच चल. घर काढून टाकू."

मी म्हटलं, "आन् नवाब?" नवाब म्हणजे आमचा कुत्रा, पायाशीच पडला होता.

"सोसायटीत कुत्रं चालत न्हाई. तू त्याचं लोकरीचं एक करून ठेव की. शोकेसात ठेवू. तू करतीस ते अगदी जित्यासारखं दिसतंय."

"आन् ह्या जित्याचं काय करायचं?"

"बघू की. टाकंल कुणीतरी भाकर."

इतक्या वर्षांत माझ्याकडे जित्या जनावराचं काम घेऊन कुणी आलं नव्हतं. माणूस लोकरीचं मागतो ते खरं गेल्यावर. माझ्या लेकानं नवाबला तिथंच, माझ्यासमोर, मेलेल्यांत धरलं. पुण्याला मी गेले नाही. फार वाईट वाटलं मला, आणि अजून वाटतं.

म्हणून अट अशी: नवाब जिवंत आहे तोवर हे घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, कुलूप लावायचं नाही. तोवर ताबा मैत्रेयीचा. रोज दोन वेळा दूधभाकर, भाकर चुरून, कारण दात राहिले नाहीत. पावसात त्याला आत घ्यावं. घर लवकर सुटावं म्हणून कुणी त्याला मरणाची सुई द्यायला लावली तर घर मैत्रेयीचंच होईल. हे मास्तरांनी कन्नडमध्ये ठळक लिहावं.

कलम पाचवे. बँकेतली ठेव नवाबच्या खाण्याला आणि औषधाला. उरेल ते सूनबाई शिवलीलाला. तिनं मला कधी उलटून उत्तर दिलं नाही.

कलम सहावे. बसवप्रभुनं सांगितलेला लोकरीचा नवाब मी केला आहे. लेकानं सांगितलेलं काम टाकवेना. रागारागातच केला, पण काम चांगलं उतरलं आहे. आतल्या खोलीत पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. त्याला डोळे नाहीत. डोळे मी नेहमी सगळ्यात शेवटी बसवते, आणि खरा नवाब दारात बसून माझ्याकडे तोंड करून असताना हात धजेना. तो आपल्या मौतीनं गेला की मैत्रेयीनं डोळे बसवावेत आणि पेटी बसवप्रभुला द्यावी. त्याआधी देऊ नये.

नवाबचे डोळे आता मोतीबिंदूनं पांढरे झालेत. मूळचा रंग मला ठाऊक आहे, मैत्रेयीलाही ठाऊक आहे. तरी तिनं तो बसवप्रभुला विचारावा. पिल्लू असताना त्यानंच त्याला शर्टात घालून भालकीच्या बाजारातून आणलं होतं, आठवडाभर कुशीत घेऊन निजला होता. रंग त्याला आठवला तर बरंच. नाही आठवला तर तो जो सांगेल त्याच रंगाचे डोळे बसवावेत. चुकला असं त्याला सांगू नये.

हे सगळं मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग सही केली.

ठिकाण: हुलसूर
दिनांक: ३ सप्टेंबर २०२४

सही: महानंदा भ्र. पंचाक्षरी बिरादार

साक्षीदार:
१. गुरुपादय्या स्वामी, निवृत्त शिक्षक, हुलसूर (सही)
२. सिद्धराम पि. राघोबा मेत्रे, मेंढपाळ, चिंताकी, ता. औराद (डाव्या हाताचा अंगठा)