भोंग्याची वीज

३ मार्च, सोमवार

जगात कामं काय कमी होती, की हेच माझ्या वाट्याला यावं!

वर्कशॉपच्या मालकांनी सकाळी बोलावलं. पाणी शुद्ध करायच्या प्लँटवर, क्लोरीनच्या खोलीचं अलार्मचं पॅनेल जळलंय. नवीन बसवायचं. चोवीस व्होल्टचा डीसी पुरवठा, मागे बॅटऱ्या, म्हणजे लाइट गेली तरी अलार्म चालू राहायला हवा. "तुमचे मिस्टर तिथेच आहेत ना, ताई? मग तुम्हीच जा. घरचंच काम समजा." घरचंच! त्यांना काय माहीत किती घरचं ते.

हो म्हणून आले. आयुष्य पॅनेलच्या वायरी ओढण्यात गेलं, नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? आणि नाही म्हणायचं खरं कारण कुणाला सांगता येत नाही.

इथे लिहिते. ह्यांना वास येत नाही. मागच्या हिवाळ्यातल्या तापात गेला तो गेलाच. ओट्यावर दूध करपून काळं होतं आणि हे शेजारी उभं राहून पेपर वाचतात. आणि नोकरी कुठे, तर क्लोरीनच्या खोलीत! तिथे जरा गळती झाली की आधी नाकाला कळतं. डोळे चुरचुरतात ते नंतर. छातीला कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

प्लँटवर कुणालाच माहीत नाही. "सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील," म्हणाले होते. असलं बोलतात आणि वर हसतात!

म्हणजे ह्यांचं नाक काय, तर भिंतीवरचा भोंगा. आणि त्या भोंग्याला वीज देणार मी.

४ मार्च, मंगळवार

प्लँट बघून आले. हे कामावरच होते. मला बघून सगळ्यांसमोर म्हणाले, "या, साहेब!" जोडीला काम करणारा एक उंच माणूस आहे, त्याला सगळे 'शिडी' म्हणतात. तो खो खो हसला. मला हसू फुटेना. हे सिलिंडरवर असे वाकले होते जसं कुणी पाळण्यावर वाकतं.

इंजिनिअर मॅडम तरुण आहेत, पण धांदरट नाहीत. गॅस हवेपेक्षा जड म्हणून सेन्सर जमिनीलगत लावलेत, हे स्वतः खाली बसून दाखवलं. बरं वाटलं. पण पुढचं वाक्य — "पुढच्या आठवड्यापर्यंत होईल ना हो? सध्या आम्ही अलार्मशिवायच चालवतोय."

अलार्मशिवाय! म्हटलं, मग सध्या कळणार कसं? म्हणाल्या, "सध्या नाकावर. पण म्हणून तर तिथे दोघं अनुभवी ठेवलेत."

मी पायातल्या चपलांकडे बघत राहिले.

५ मार्च, बुधवार

ह्यांना म्हटलं, रजा टाका. काम संपेपर्यंत तरी. "कारण काय लिहू? बायको घाबरते?" मग चिडले. मग स्वतःच भांडी घासायला घेतली. ह्यांची माफी मागायची पद्धत.

६ मार्च, गुरुवार

पॅनेल उभं केलं. पुरवठ्याचा डबा, बॅटरी सांभाळणारा डबा, खाली दोन बॅटऱ्या. बारा आणि बारा, एकापाठी एक, मिळून चोवीस. चोवीस व्होल्ट ऐकून लोक हसतात. "त्याने काय मुंगी तरी मरते का!" माणसाला झटका बसणार नाही, खरंय. पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर पान्याचा निखारा होतो. आमच्या वर्कशॉपमधल्या फिटरच्या बोटात अंगठी होती. अंगठी वितळली, बोट— नको. मी दाराबाहेरच अंगठी काढून पर्समध्ये टाकते.

फ्यूज लागतो बॅटरीच्या अगदी जवळ. लांब ठेवला आणि मधली वायर घासून पत्र्याला टेकली तर तिला वाचवणारं कुणी नाही, वायरच पेटणार. तर फ्यूजचं घर स्टोअरमध्ये नाही! स्टोअरवाल्याचं नावच 'उद्याबुवा'. काहीही मागा, "उद्या." म्हटलं, बुवा, गॅस पण उद्याच गळेल असं लिहून देता का? ओशाळला बिचारा. पण उद्याच म्हणाला.

७ मार्च, शुक्रवार

उद्या आज उगवला! फ्यूज आला.

पण आज लाज वाटावी असं झालं. बॅटरीच्या वायरी मी ज्या भोकातून आत घेतल्या त्याची कड धारदार, रबराची रिंग बसवायचीच राहिली. मॅडमनी टॉर्च मारला आणि बोट ठेवलं. "ताई, हे काय?" आवाज चढवला नाही. अशी चूक मी करत नाही. कधीच नाही. डोकं सारखं पलीकडच्या खोलीत. शिडी खोकला की माझा हात थांबतो.

वायरी काढल्या, रिंग बसवली, परत ओढल्या. मॅडमनी स्वतः धरायला मदत केली. म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?"

ओठांवर आलं होतं. गिळलं.

८ मार्च, शनिवार

झोप नाही. आई म्हणायची, मनी वसे ते स्वप्नी दिसे. इथे डोळा लागेल तेव्हा ना स्वप्न!

१० मार्च, सोमवार

कुणी पुन्हा विचारलं तर सांगता यावं म्हणून आजचं नीट लिहून ठेवते. मेन स्विच बंद. त्याला माझं कुलूप, किल्ली माझ्या खिशात. "बंद केलंय हो," असं कुणी ओरडून सांगितलं म्हणून हात घालायचा नाही. आधी मीटर वीज चालू असलेल्या जागेवर लावून बघायचा, मीटर स्वतः शहाणा आहे ना ते. मग आपल्या जागेवर. मग परत चालू जागेवर. थोडं थांबायचंही, पुरवठ्याच्या पोटात काही वेळ वीज शिल्लक राहते.

अर्थिंग सगळ्यात आधी जोडली. बॅटरी सगळ्यात शेवटी. तोवर तिच्या टोकांवर टोपणं आणि फ्यूज काढलेला. लाल कुठे, काळी कुठे, तीनदा बघितलं. तरी चौथ्यांदा बघितलं.

डीसीच्या लाइनवर उद्याबुवा घरातला साधा एमसीबी देत होता. "तोच आहे हो, बसवा." नाही बसवला. डीसीची ठिणगी हट्टी असते, साध्या स्विचमध्ये विझत नाही. मॅडमनी माझी बाजू घेतली, स्वतः फोन करून डीसीचा मागवला.

आणि एक भीती सांगून टाकली त्यांना — हे पॅनेल मेन बंद केल्यावरही मेलेलं नसतं. बॅटरी आतून जिवंत ठेवते. पुढे कुणी दुरुस्तीला येईल, मेन पाडेल, निर्धास्त हात घालेल. मॅडम म्हणाल्या, बॅटरी तोडायचा वेगळा स्विच दारावरच देऊ, आणि ठळक पाटी. मला नुसती पाटी सुचली होती. स्विच त्यांचा. छान सुचलं त्यांना.

घरी आल्यावर हे म्हणाले, "मॅडम तुझं फार कौतुक करत होत्या." मग जरा वेळाने, "आमच्या बाईच्या हाताखालचा भोंगा आहे म्हटलं, ओरडायला शिकवायची गरज नाही." हसले मी. खूप दिवसांनी. लगेच वाईट वाटलं.

११ मार्च, मंगळवार

चाचणी. फसली!

मेन चालू, सेन्सर चालू, दिवे चालू, भोंगा खणखणीत. मॅडम खूश, शिडीने टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, आता मेन पाडा. पाडला. दिवे चालू, सेन्सर चालू. चाचणीचं बटण दाबलं —

भोंगा गप्प.

पुन्हा दाबलं. गप्प. हे माझ्याकडेच बघत होते. कुणालाच कळलं नसेल असं बघत होते. मला कळलं.

बॅटऱ्या चांगल्या, फ्यूज चांगला. बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. परत येऊन एकेक वायर बोटाने धरून मागे मागे गेले. सापडलं. जुन्या पॅनेलमध्ये भोंग्याची लाइन थेट पुरवठ्यावर होती, बॅटरी सांभाळणाऱ्या डब्याच्या अलीकडे. मी जुनं बघून तशीच जोडली. म्हणजे इतकी वर्षं लाइट गेली की भोंगा मुका होत होता, आणि कुणाला पत्ता नाही! कारण लाइट घालवून बटण कुणी दाबलंच नव्हतं.

कुलूप लावलं, बॅटरी तोडली, मीटर लावला, लाइन डब्याच्या पलीकडे घेतली, सगळं परत जोडून चालू केलं. मेन पाडला. बटण.

वाजला! असा वाजला की बाहेरच्या झाडावरचे पक्षी उडाले. मी तिथेच उकिडवी बसले. मॅडमना वाटलं चक्कर आली. जीव भांड्यात पडला होता फक्त.

१२ मार्च, बुधवार

बॅटरीवर किती टिकतो ते बघायला दिवसभर मेन बंद ठेवला. हवा होता त्याहून जास्त टिकला. मॅडमनी सही केली. माझं काम संपलं.

हे म्हणाले, "आता तरी झोप."

झोपले.

२० मार्च, गुरुवार

रात्र झाली, आता कुठे लिहायला बसते.

दुपारी लाइट गेली होती. सगळीकडेच गेली होती, आमच्या वर्कशॉपमध्येही सगळे बाहेर उभे होते. फोन आला तो शिडीचा. "वहिनी, घाबरू नका." घाबरू नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार! धावत गेले.

सिलिंडर बदलताना जोडावरचं वॉशर सरकलं. गॅस सुटला. थोडाच. भोंगा वाजला, सेन्सरला जोडलेली सिलिंडरची तोटी आपोआप बंद झाली, दोघं बाहेर आले. ह्यांचे डोळे लाल, खोकला, डॉक्टरांनी ऑक्सिजन लावून तपासलं आणि घरी सोडलं. छाती चांगली आहे. शिडीला काहीच नाही.

मॅडमनी माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुमच्या बॅटरीने वाचवलं." आजूबाजूचे सगळे बोलत होते, ताईंनी वाचवलं, ताईंनी वाचवलं. उद्याबुवाने चहा आणला. आजच!

मग शिडी मला बाजूला घेऊन म्हणाला. त्याचे शब्द जसेच्या तसे — "वहिनी, मला वास आला तसा मी मागे सरकलो, ओरडलो, गॅस! ते म्हणाले, कुठे रे? आणि वाकूनच राहिले. पाना घेऊन. मी परत ओरडलो तरी म्हणे, काही नाही, थांब. मग भोंगा वाजला तेव्हा कुठे उठले, मी बाही धरून बाहेर ओढलं. असं का केलं असेल हो त्यांनी?"

म्हटलं, कामात गुंग असतील.

खोटं बोलले. त्याच्या तोंडावर. ज्याने ह्यांची बाही धरून बाहेर ओढलं त्याच्याशी.

२१ मार्च, शुक्रवार

हे घरीच. उशीला टेकून बसलेत. आनंदात! "बघितलंस? तुझ्या भोंग्याने मला नाक परत दिलं. आता कसली काळजी? आता रिटायर होईपर्यंत बघायला नको."

रिटायर होईपर्यंत. बॅटरी तितकी टिकत नाही हो. दोन-चार वर्षांत दमते. कुणी बदलायला विसरेल. सेन्सरवर धूळ बसेल. कुणी चाचणीच्या कंटाळ्याने वायर काढून ठेवेल. मी अशी पॅनेलं रोज उघडते.

अलार्म माझा चुकला असता तर मी स्वतःला दोष देत बसले असते. तो बरोबर वाजला, तिथेच सगळा घोळ झालाय. त्याच्या भरवशावर हे पुन्हा तिथे वाकणार. आणि एक दिवस शिडी बाही धरायला थांबेल आणि दोघंही...

त्याला लहान मुलगी आहे. शिडीला.

२३ मार्च, रविवार

"उद्यापासून जातो कामावर." डबा काय देऊ विचारलं. आणखी काही विचारलं नाही.

२४ मार्च, सोमवार

ह्यांच्या आधी पोचले. मॅडमना सांगितलं. सगळं.

संध्याकाळी हे घरी आले. क्लोरीनची खोली काढून घेतली, पंपाच्या बाजूला टाकलंय. मी दाराशीच उभी होते, काय बोलतील ते ऐकून घ्यायचं ठरवून. बुटांची नाडी सोडता सोडता, वर न बघता म्हणाले — "रोज त्या दारातून आत जाताना पाय लटपटायचे गं माझे. तुला कसं सांगणार होतो?"