बाबांचे बूट बाल्कनीत आहेत

बाबा,

ऑपरेशननंतर चालायला म्हणून ताईने आणलेले तुमचे बूट बाल्कनीत वाळत घातलेत. साबणाने धुतले, तरी वास मारतायत. वास बिअरचा आहे, उगाच मांजरावर आळ घेऊ नका.

माझ्या बुटांचा तळ निघाला होता आणि तुमचे खोक्यात नुसते पडून होते, म्हणून काल आमच्या पळायच्या क्लबात घालून गेलो. आमच्याकडे कोणाच्या पायात नवे बूट दिसले, की पळून झाल्यावर सगळे त्याच्याभोवती गोल करतात आणि त्याला त्याच बुटातून बिअर प्यावी लागते. बूट वडिलांचे आहेत म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण मग वडील कुठे चालायला जातात, असंही कोणीतरी विचारलं असतं. गपचूप प्यायलो.

ताईला सांगितलंत तर ती माझी सालटी काढेल, आणि बरोबरच आहे. तुम्हाला रोज फिरवून आणायचं मी तिला कबूल केलं होतं.

क्लबात आम्ही पिठाने वाट आखतो, त्यात मुद्दाम खोट्या वाटाही टाकतो. जोरात पळणारे तिकडे भरकटतात, तेवढ्यात मागचे त्यांना गाठतात. शेवटचा माणूस पोचल्याशिवाय बाटली उघडायची नाही. नवख्यांना हे सगळं मीच समजावतो, बाबा.

संध्याकाळी सरळ घरी येतोय. बूट ओले असले तर चपला घाला, कोपऱ्यापर्यंत तरी जाऊ. तुम्ही पुढे चाला, मी मागून येतो.