विमानतळाची तालीम

१ मार्च २०२६, रविवार

पासपोर्ट काल घरी आले. व्हिसा दोघींनाही! एक्क्याऐंशी वर्षांच्या आत्याबाईंना साहेबानं काय विचारलं, तर कशाला जाताय. ह्यांचं उत्तर तयार — "पणतू हुनार हाय की!" तोही हसला म्हणे.

आता माझ्या लेकीच्या, अक्षताच्या बाळंतपणाला अमेरिकेला सासू-सून दोघी निघणार. विमान वीस तारखेचं. आम्ही लिंगायत; आमच्या मठाच्या स्वामींनी बाळासाठी इष्टलिंग दिलंय, ते आत्याबाईंनी आपल्या हातानं बाळाच्या गळ्यात बांधायचं. नातीच्या लग्नातच त्यांनी हे सांगून ठेवलं होतं, मूल व्हायच्या सहा वर्षं आधी!

संध्याकाळी मात्र त्यांचा हात गळ्याशी गेला. "राजी, ह्ये काढाया लावत्यात का गं तितं?"

ह्ये म्हणजे त्यांचं लिंग, चांदीच्या डबीतलं. कळत्या वयापासून अंगावरून उतरलेलं नाही. आठ बाळंतपणांत नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही नाही. डॉक्टरशी भांडल्या होत्या. रोज त्याची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. 

मी म्हटलं, अहो, विमानतळावर धर्माच्या वस्तू काढायला लावत नाहीत. वरून हात फिरवतात, फार तर बाजूच्या खोलीत नेतात. बी.ए.च्या पोरांना अठ्ठावीस वर्षं अमेरिका शिकवलीय मी! न बघता शिकवली, ते सोडा.

३ मार्च

आजपासून तालीम. दिवाणखान्यात दोन खुर्च्या — ते दार. लाटणं — ते यंत्र. मी साहेब. कपाळाला आठ्या घालून ओरडले, "हात वर! पाय फाका!" आत्याबाई इतक्या हसल्या की कवळी हातात घ्यावी लागली.

मग इतिहास सांगितला. २००१ साली दहशतवाद्यांनी विमानं नेऊन इमारतींवर आदळली, त्यानंतर हे सगळं आलं. पुढे एका माणसानं बुटात स्फोटक लपवलं, आणि त्यापायी वीसेक वर्षं सगळी अमेरिका विमानतळावर बूट हातात घेऊन उभी! नियम गेल्या वर्षी उठला.

"एकानं केलं आन् समद्यास्नी शिक्षा?"

मी म्हटलं, वर्गात असतात तर पहिला नंबर आला असता तुमचा.

६ मार्च, शुक्रवार

माझ्या जुन्या कॉलेजात व्याख्यान झालं — 'संकटं आणि अमेरिकन समाज'. दोन वर्ग एकत्र केलेले, पोरं खिडकीत बसलेली. रंगलं! म्हातारी झाले तरी आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जातो.

टॉवर पडायला दोन तासही लागले नाहीत, पण त्या दोन तासांनी पुढची पंचवीस वर्षं ठरवली, असं सांगितलं. नवीन खातं, नवे कायदे, फोनवर पाळत. दोन युद्धं, त्यातलं एक वीस वर्षं. मग वादळात शहर बुडालं तेव्हा सरकार वेळेवर पोचलं नाही, बँका कोसळल्या, लोकांची घरं गेली, मग कोरोना. दर वेळी शेजाऱ्यावरचा विश्वास थोडा कमी. हल्ल्यानंतर चारच दिवसांत पेट्रोल पंपावरच्या एका शीख माणसाला निव्वळ पगडी बघून गोळी घातली, हेही सांगितलं.

रेश्मा नावाची मुलगी उठली. "मॅडम, मग आता त्यांना सुरक्षित वाटतं का?"

मी म्हटलं, बाळ, कुलपं वाढली म्हणून झोप लागते असं नाही. टाळ्या!

आत्याबाई पहिल्या रांगेत, इरकल नेसून. रिक्षात एकदम — "त्या सरदारजीला लेकरं हुती का गं?" होती म्हटलं. एवढं बारीक ऐकतात, कौतुक वाटलं.

८ मार्च

अक्षताचा फोन. तालमीचं ऐकून म्हणाली, "आई, आजीला घाबरवू नकोस हं." मी! मी कशाला घाबरवेन? उलट धीट करतेय.

मग हळूच म्हणाली, "मी तर माझं लिंग इथं आल्यावर तिसऱ्याच वर्षी काढून ठेवलंय. दर वेळी बाजूला घेतात, लोक बघतात. कुणाकुणाला समजावू?"

फोन स्पीकरवर होता. आत्याबाई लसूण सोलत होत्या, सोलतच राहिल्या. मला फार वाईट वाटलं. रागही आला — पोरीचा की त्या विमानतळाचा, कळेना. पण ही पिढीच घाईची. आपण तसं करायचं नाही. नियम आपल्या बाजूनं आहे. पान छापून घेतलंय, पर्समध्ये ठेवलंय.

११ मार्च

तालीम अप्रतिम! आता न सांगता हात वर करतात. हसत नाहीत. अगदी गंभीरपणे घेतलंय.

१३ मार्च, शुक्रवार

सामानाची बांधाबांध. शेंगाचटणी चार किलो, कडक भाकरी दोन चळती. चटणी मोठ्या बॅगेत — हातात पूड नेली तर तपासत बसतात. हेही मला पाठ!

आत्याबाई दुपारी जेवल्या नाहीत. "भूक न्हाय." ऊन मरणाचं आहे, माझीही इच्छा नव्हती. ताक नेऊन ठेवलं, संध्याकाळी तसंच. वर पाणी सुटलं होतं. या वयात बावीस तासांच्या प्रवासाचं टेन्शन येणारच. म्हटलं, मी आहे ना बरोबर!

१४ मार्च

पहाटे देवघरापाशी पडल्या. ओठ पांढरे. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही. सलाईन लावायला पदर सारला, तर गळा मोकळा. लिंग तबकात होतं, रुमालाखाली.

"कुनी काडलं?" विचारताना मी त्यांच्याच भाषेत गेले.

"मीच. काल सकाळी. तितं तुजी मान खाली नको, आन् पणतूबी बघाया मिळंल. जमतंय का ते बगत हुते."

"अहो पण पाणी तरी!"

"लिंग अंगावर न्हाय, मग पानी कसं प्याचं?" मग माझीच समजूत घालायला लागल्या. "बावीस तासांचा परवास म्हनालीस न्हवं तू? ईस झाले हुते. दोनच ऱ्हायले हुते की गं."