ओटीतली मोटार

बेलपाडा, ता. पनवेल
६ जानेवारी

चि. जीवन यास आजीचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पयलं कोण आलं सांगू? वकील नाय, पोलीस नाय, पयला आला तो सत्यजीत. कुमुदबाईंचा नातू, ज्यानं तुझ्यावर केस टाकली तोच. एवढी थोरली गाडी घेऊन आला न् ती आपल्या गल्लीत शिरेना. मग नाक्यावर ठेवून चालत आला, पाय उचलून उचलून, कारण बाजूच्या टॉवरवाल्यांचं पाणी अजून आपल्याच दारात येतं. बरोबर हातात बॅटरी घेतलेला एक मोटारीतला जाणकार माणूस. तो आपल्या जुन्या मोटारीखाली आडवा शिरला न् बाहेर आला तो पाठीला डांबर लावून. आजोबा ओट्यावरून बोलले की होडीला बुडाला डांबर लावतात, मोटारीला काय लोणी लावायचं? मला हसू आलं. तू आत असताना हसली म्हणून मग मनाला लागलं, पण आलं हसू त्याला काय करू.

सत्यजीत सारखा कोचबिल्ट, कोचबिल्ट करत होता. मला वाटलं कसलं बिल आलं. मी सांगितलं की बिलं सगळी भरलेली हायत. तेव्हा त्यानं समजावलं की विलायतेहून बोटीनं नुसती हाडं न् इंजिन यायचं, न् अंग मुंबईतले सुतार बांधायचे, सागाच्या फासळ्यांवर पत्रा ठोकून. त्यामुळं अशी मोटार जगात एकच. मी बोलली हे आमचा म्हातारा कवापासून बोलतोय, पण त्याचं कोण ऐकतं.

आता मुद्द्याचं. तो बोलला, गुणाबाई, तुमी पोलिसात एवढंच बोला की मोटार आमच्या आजीनं तुमाला सांभाळायला दिली होती. तसं बोललात तर मी तक्रार मागं घेतो, जीवन सुटेल. मी उठून त्याला चहा दिला. चहा त्यानं अर्धा ठेवला. चांगलं आलं घातलं होतं.

रोशनी जेवते का असं तू इचारलं होतंस. ताटावर नुसती बसते. रियाला तिनं सांगितलंय की बाबा बोटीवर गेलेत. आता पोरगी इचारते कुठल्या बोटीवर, न् बोटीचं नाव रोज बदलतं, कारण आमच्या तिघांत एकमत नाय.

लोभ हाय तेवढा ठेव. वाढव बोलत नाय, आत जागा कमी आसंल.

तुझी आजी
गुणाबाई

*

११ जानेवारी

ती. आजीस जीवनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनची पाळी आली की तुला ऐकू येत नाही आणि मला रडू येतं, म्हणून लिहितो. आजी, मला इथून काढ. जागा इतकी कमी आहे की एका कुशीवर झोपावं लागतं. कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं. इथले जुने लोक सांगतात की तारखा पडत राहतात आणि माणूस म्हातारा होतो. मला ते खरं वाटायला लागलंय.

वकील बोलला, मोटार विकायला काढली एवढ्यावर जामीन झाला असता. पण एजंट केतननं जो कागद करून दिला त्यावर कुमुदबाईंच्या नवऱ्याची, गुरुदत्त शेठची सही आहे, आणि तारीख शेठ वारल्यानंतरची. मी तो कागद नीट वाचलाही नव्हता. खाडीत मासा उरला नाही, मला टेम्पो घ्यायचा होता, एवढंच डोक्यात होतं. केतन पळाला, मी सापडलो.

दुसरं म्हणजे त्यांच्या वकिलानं कोर्टात मोटारीची एक चावी दाखवली. आपल्याकडे आहे तशीच. तो बोलला की मालक एक चावी आपल्याजवळ ठेवतो आणि दुसरी राखणदाराला देतो. जजसाहेबांनी मान हलवली. आजी, त्यांच्याकडे चावी कशी? तू तर म्हणायचीस मोटार तुला कायमची दिली.

एक शब्द आहे गं. सांभाळायला. बोल ना. हात जोडतो.

ती. आजोबांस नमस्कार. रियाला सांग बाबाच्या बोटीचं नाव ‘रिया’ आहे, म्हणजे भांडण मिटेल.

तुझाच, माया कमी करू नकोस,
जीवन

*

बेलपाडा
१७ जानेवारी

चि. जीवन यास आशीर्वाद, न् रागही.

आधी राग. माझ्या ओटीतली वस्तू मला न इचारता विकायला काढलीस. इचारलं असतंस तर मी नाय बोलली असती, म्हणूनच नाय इचारलंस. झाला राग.

चावीचं मी तुला लाख वेळा सांगितलंय, पण तुझं डोकं मोबाईलमधून निघेल तेव्हा ना. आता आत मोबाईल नाय, वाच.

ती मोटार पयली घाटावरच्या एका राजाची. राणीसाठी बांधून घेतली, म्हणून मागं पडदे न् चढायला घडीची पायरी. राजाचं राज्य गेलं तेव्हा मिठागरवाल्या धर्मराज शेठनं ती घेतली न् पनवेलला तळ्याजवळच्या बंगल्यात आणली. त्यांच्यामागं ती त्यांच्या लेकाची, गुरुदत्त शेठची. कुमुदबाई म्हणजे गुरुदत्त शेठची बायको. मी त्यांच्या दारात पाटी घेऊन मासळी विकायला जायची. बाईंना मुलगी झाली, आभा, न् बाई तापानं अशा पडल्या की अंगावर दूध नाय. बाटली ती पोर तोंडात धरीना. माझा बाळू, तुझा बाप, तेव्हा अंगावर पीत होता. मी मासळीची पाटी खाली ठेवली न् त्या पोरीला घेतलं. मासळीच्या वासाची बाई म्हणून बंगल्यातली सासू नाक मुरडत होती, पण पोर गप झाली तशी सासूही गप झाली. आभा मऊ भात खायला लागेपर्यंत मी तिथंच रायली, एकीकडे बाळू, एकीकडे आभा.

निघायच्या दिवशी बाईंनी माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मिठागर मोडलं होतं, ते लोक मुंबईला निघाले होते, मोटारीचं इंजिन जाम धरलेलं. बाईंनी कमरेचा मोटारीच्या चाव्यांचा जुडगा काढला न् तांदळावर ठेवला. बोलल्या, गुणे, माझ्याकडं तुला देण्यासारखं हेच हाय. गुरुदत्त शेठ समोर उभे होते. हसून बोलले, ने, पण बैल लावून ने. न् आमी खरंच बैल लावून आणली. विठू, तुझा आजोबा, पुढं ढोल वाजवत होता, असा येडा.

आता चावी. ओटी घेतली की समोरचं ताट रिकामं ठेवायचं नसतं, ओटीतलं थोडं परत टाकायचं. सगळ्या बाया दाणे टाकतात. मी हात घातला तर तांदूळ खाली न् जुडगा वर. दोन चाव्या होत्या, एक सोडवली न् ताटात टाकली. मला वाटलं रीत झाली. बाईंच्या डोळ्याला पाणी आलं. ती चावी त्यांनी जपली असणार, न् आता तीच कोर्टात माझ्यावर उलटली. साहेबांना ओटीतलं काय कळणार? न् कागद का नाय केले असं वकील मला इचारतो. ओटीचे कागद कोण करतं रे?

काल कोण आली ओळख. आभा! एकटी, रिक्षानं. सत्यजीतची आत्या ती. केस पिकलेत, पण हनुवटी तीच. उंबऱ्यात थांबली न् बोलली, तुमाला काय म्हणून हाक मारू? मी बोलली, तू मला हाक मारायच्या आधी चावायचीस, बस आत. मग दोघी खूप रडलो न् तिनं बोंबलाची चटणी भाकरीबरोबर दोनदा मागून घेतली. तिला सगळं ठाऊक हाय. कुमुदबाई अजून हायत, पुण्याला सत्यजीतकडं. आज काय जेवल्या ते इसरतात, पण ओटी, बैल, ढोल सगळं सांगतात. पण सत्यजीत त्यांना कुणापुढं बोलू देत नाय. आभा बोलली, मी कोर्टात सांगते की मोटार तुमचीच. वकिलाला इचारलं तर तो बोलला, सांगा, पण मग खटला उभा राहील, वर्षं जातील, न् तोवर जीवन आत.

सत्यजीत परत आला होता. मी त्याला इचारलं, की तुझ्या आत्याला मी दूध दिलं ते पण सांभाळायलाच दिलं होतं काय? तसं आसंल तर परत कर. तो उठून बूट घालायला लागला.

नाय बोलवत बाळा. ओटी खोटी हाय असं बोलली तर माझ्यात काय उरलं? रागावू नको. मंगळवारी तुला भेटायला येते, रोशनी घेऊन येणार हाय.

माया होती तशीच हाय. तपासून बघ.

आजी

*

२२ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

काल तू काचेपलीकडे बसलीस आणि फोन उलटा धरलास. रोशनीनं सुलटा करून दिला तरी तू नुसती माझ्या कानाकडे बघत राहिलीस. कानाला काही झालेलं नाही. पाय घसरला, भिंत लागली. खरंच.

तुझं पत्र इथे बऱ्याच जणांनी वाचून घेतलं. बैल आणि ढोलाजवळ सगळे हसले. चावीपाशी एक म्हातारा कैदी बोलला की तुझी आजी फसली नाही, ती फक्त कोर्ट बघून वागली नव्हती. मला रात्री ते आठवत राहिलं. मी तुझ्या ओटीवर त्या केतनला खोटी सही मारू दिली आणि वर तुलाच सांगतोय की खोटं बोल.

नको बोलूस. आधीचं पत्र फाडून टाक. आभाआत्यांना सांगू दे कोर्टात. किती वर्षं लागायची ती लागोत. मी कुशीवर झोपायला शिकलोय. रोशनीला तिच्या आईकडे चिरनेरला पाठव, तिथे तिला जेवण जाईल.

हे पत्र इथून लवकर सुटो. तू काही करायच्या आत पोचो.

तुझा लोभ हाच माझा जामीन,
जीवन

*

बेलपाडा
१ फेब्रुवारी

चि. जीवन यास आजीचा आशीर्वाद, खूप खूप.

तुझं पत्र आज आलं. मी परवाच सांगून बसली.

रागावू नको. खोटं मला नीट बोलता पण आलं. पोलीस साहेब चांगला होता, खुर्ची दिली, पंखा लावला. त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं न् अंगठ्याची डबी पुढं केली. मी बोलली मला सही येते. तुझ्या आजोबांना कागदावर बोट कसं ठेवायचं कळत नाय, पण मी चौथी शिकलेली हाय. सही करायच्या आधी वरचं सगळं बोट लावून वाचलं. बाकीचे शब्द जड होते, ‘सांभाळायला’ तेवढा झटकन वाचता आला. मग गुणाबाई विठू असं पूर्ण लिहिलं, काना-मात्रा चुकली नाय.

भिंतीला कान कसा लागतो ते मला ठाऊक हाय. मी बाळूला वाढवलाय न् तुला वाढवलाय. भिंत लागली तर कानाची वरची कड फुटते, तुझा कान मागून फाटलाय. त्या काचेमागं तू मला हसून दाखवलंस ना, तेव्हाच माझं ठरलं. ओटी माझी हाय, मी भरलेली ठेवीन नाय तर रिती करीन. तू पोटचा, तुझं तसं नाय.

आजोबांनी दोन दिवस आपलं ताट ओट्यावर नेलं. आज सकाळी बोलले, ते एवढंच की डांबर काढायला त्या लोकांना महिना लागेल, लागू दे. मग तेलाची चिंधी घेऊन मोटार पुसायला गेले. मोटारीभोवतीच्या पोलिसांच्या फितीत हात घालू नका बोलली तर ऐकत नाय.

वकील बोलतो सत्यजीतची तक्रार मागं गेली, जामिनाला आता कुणाची हरकत नाय, त्यांनी मोटार नेली की त्याच दिवशी संध्याकाळी तू घरी. रोशनी काल जेवली. आपणहून भात मागितला! रियाला सांगितलंय की बोट बंदराला लागली. रोशनी तुझ्यासाठी निवटी मासळी आणायची बोलतेय, खाडीत मिळाली तर. नाय मिळाली तर बाजारातली कोलंबी, तू तोंड वाकडं करू नको. मला इतका आनंद झालाय की मी सकाळपासून हसतेय, शेजारीण बोलली गुणाबाई डोक्यावर परिणाम झाला काय.

एकच अवघड हाय. आभानं फोन केला होता. कुमुदबाईंना कळलं की सगळे मोटार आणायला पनवेलला चाललेत, तशा त्या हट्टाला बसल्या हायत. मला गुणीला भेटायचंय, तिची मोटार बघायचीय, ती चालवते का इचारायचंय. आणावंच लागेल, आभा बोलली. मागून सत्यजीतनं फोन घेतला न् बजावलं, की आमच्या आजीपुढंही तोच ‘सांभाळायला’ शब्द बोला, नायतर ती काहीतरी बोलून बसेल न् सगळं परत उघडेल. मी बरं बोलली.

पोलिसांपुढं बोलली, वकिलापुढं बोलली, तुझ्यासाठी साऱ्या गावापुढं बोलेन. पण ज्या बाईनं स्वतःच्या हातानं ओटी भरली, तिच्या तोंडाकडं बघून कसं बोलायचं ते मला कुणी सांगितलं नाय. साडी कुठली नेसू ते पण सुचत नाय. रोशनी बोलते नवी नेसा.

लवकर ये. लोभाचं काय लिहू, समोरच बघशील.

तुझीच
आजी

ता. क. मोटार न्यायला, कुमुदबाईंना घेऊन, सगळे मिळून बुधवारी येतो बोललेत.